धोंडीतात्यांचा दुसरा मालक

धोंडीतात्यांच्या कारखान्याला भोंगा होता, फाटक होतं, फाटकाशी दोन कडुलिंब होते. फक्त कारखाना नव्हता. हातकणंगल्याच्या रस्त्याला एक मोकळं रान त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. फौंड्रीतून निवृत्त झाल्यापासून त्या रानात त्यांचा कारखाना रोज उभा राहायचा.

मंगळवार पेठेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी तेव्हा टायपिस्ट होते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची तर निदान दोन मालक लागतात, असं आमच्या साहेबांनी तात्यांना सांगितलं आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. पहिलं नाव तात्यांचं स्वतःचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दुसरं नाव कुणाचं घालायचं, यावर सगळं घोडं अडलं होतं.

दर सोमवारी तात्या यायचे, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि नवा मालक सांगायचे. पहिला मान जयसिंगपूरच्या भाच्याला मिळाला. त्याला त्यांनी पूर्वेच्या खिडकीची केबिनसुद्धा दिली. मी अर्ज टाइप केला. पुढच्या सोमवारी तात्या फुरंगटून आले. भोंगा कसा वाजेल हे ते समजावून सांगत असताना भाच्याला डुलकी लागली होती म्हणे.

"नाव काढ त्येचं. केबिन पाडली मी."

मग शेजारचे गवळी मालक झाले. कडुलिंबाऐवजी अशोक लावा म्हणाले आणि गेले. चुलत मेहुण्याने फाटक रुंद करायला सांगितलं, तर त्याच फाटकातून तो बाहेर पडला. बिचाऱ्यांना आपण मालक झालो हे कळायच्या आतच मालकी गेलेली असायची. बाजारात तुरी, भट भटणीला मारी, दुसरं काय!

साहेब वैतागायचे. मीही चिडायचे, कारण कार्बन लावून सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागत. पण खरं सांगते, तात्या डोळे मिटून बोलू लागले की मलाही ती कडुलिंबाची सावली दिसायची. भर दुपारी त्या कोंदट खोलीत गार वाटायचं आणि टायपरायटरवरची बोटं आपोआप थांबायची.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला, नावं बदलणं सोपं झालं. तात्या मात्र थकले होते. एका सोमवारी त्यांनी नावच सांगितलं नाही. आता कोण उरलंच न्हाय, म्हणाले. मला राहवेना.

"तात्या, माझं घाला की," मी म्हटलं. "मी कधी डुलकी घेतली?"

हसतील असं वाटलं होतं. पण ते नुसते पडद्यावरच्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिले.

"तुझं नगं, पोरी," ते म्हणाले. "तू मालक झालीस की तुझ्यावर बी रुसणार मी. माझा सोभावच हाय त्यो. मग सोमवारी जायाचं कुठं?"

अर्जाची काही घाई नाही, पुढच्या सोमवारी बघू, एवढंच मी म्हणाले.