विठोबाचं इंजिन

सोमवारी सकाळी सात वाजता विठोबानं चहाबरोबर पहिली गोळी गिळली आणि सात वाजून पाच मिनिटांनी हातात खराटा घेतला. देवबाग गावात त्याच्या हातात लोकांनी जाळं पाहिलं होतं, वल्हं पाहिलं होतं, पत्त्यांचा डाव तर रोजच पाहिला होता. खराटा कुणी पाहिला नव्हता. कृष्णाबाई दारात आली, नवरा अंगण झाडतोय हे तिनं बघितलं आणि तशीच अंगणात धावली.

"ओ, बरां नाय काय तुमका?"

"माका काय धाड भरली हा? तू बस थंय," असं म्हणून विठोबा माडाच्या आळ्याकडे वळला.

आता, ह्याचं मूळ आदल्याच दिवशीच्या रविवारात होतं. रापणीचं भलंमोठं जाळं समुद्रात फिरवून टाकलं की त्याच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळी वाडी मिळून ओढते. दोरीची पहिली जागा, गुडघाभर पाण्यातली, गेली तीस वर्षं विठोबाची. त्या रविवारी ऐन ओढीत त्याच्या हातांतलं बळ गेलं आणि तो पाण्यात मटकन बसला. रापणीचा म्होरक्या दत्ताराम सगळ्यांदेखत म्हणाला, "विठोबा, फुडच्या आयतवारी जमता काय बघ. नायतर गंगारामाबरोबर वाळयेत बसान दोरी गुंडाळ." गंगाराम ऐंशीचा, आणि दोरी गुंडाळणं म्हणजे काय, तर येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच त्या गोष्टी सांगणं. विठोबाला ते फार लागलं. घरी येऊन तो जेवलाही नाही.

त्याची लेक सलोनी सावंतवाडीला फार्मसी शिकते. सुट्टीत घरी आली होती. बापाचं तोंड तिला बघवेना. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर विचारून तिनं को-एन्झाइम क्यू-टेनची बाटली आणली आणि समोर बसवून समजावलं, "बाबा, आपल्या एकेका पेशीत बारीक इंजिन आसता असां समजा. खाल्लेल्या अन्नाची ताकद तां करता. ह्यां को-एन्झाइम त्या इंजिनाक मदत करता. शरीर तां आपणच बनवता, पण वय झाल्यार कमी पडता. आता ह्या गोळयेन गुण येतलोच असां नाय, आणि इलो तरी महिनो दोन महिने..."

विठोबाचे कान 'इंजिन'पाशीच मिटले होते. होडीच्या इंजिनात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यानं गोळी उजेडात धरली तर आत चक्क तेल. मग काय विचारता, त्याला सगळं उमगलं. तेल भरलेलं इंजिन चालू ठेवायला हवं, नुसतं उभं केलं की जाम.

त्यामुळे गोळी पोटात गेली की त्याला बसवेना. घटकाभर टेकला तर गुडघ्यात तेल घट्ट होतंय असं वाटे, की उठलाच. अंगण झालं, विहिरीचं पाणी झालं, भांडी झाली. मंगळवारी त्यानं मासळी साफ केली, चादरी धुतल्या आणि वाळत घातलेल्या चादरी पुन्हा काढून पुन्हा वाळत घातल्या.

कृष्णाबाई पहिला दिवस घाबरली, दुसरा दिवस नुसती बघत राहिली, तिसऱ्या दिवशी शहाणी झाली. "मिक्सर चलणा नाय ओ," बुधवारी ती म्हणाली. मिक्सरची पिन कुणी काढून ठेवली होती ते विचारू नका. विठोबानं तीन नारळ पाट्यावर वाटले. गुरुवारी तिला एकाएकी आठवलं की माळ्यावरची लाकडं खाली आणायची आहेत. शुक्रवारी आठवलं की ती परत वर चढवायला हवीत.

सलोनीला राहवेना. "बाबा, गोळी इतक्या लवकर लागू पडणा नाय ओ. दमतल्यात."

"मग ह्यां सगळां कोण करता? तुझो मास्तर?"

शनिवारी त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. "नवां इंजिन सुरवातीक घट्टच आसता," त्यानं स्वतःची समजूत घातली आणि शेणी रचायला घेतल्या.

रविवार उजाडला. विठोबा ताठ मानेनं पाण्यात उतरला, पहिली जागा धरली. दत्तारामानं हाळी दिली. पहिल्या ओढीला विठोबाचे पाय लटपटले, दुसऱ्या ओढीला तो खाली बसला आणि तिसरी ओढ यायच्या आत दोरी छातीशी धरून चक्क झोपी गेला. दोरी अडली. जाळ्याची एक बाजू मागे पडायला लागली, आतली मासळी निसटायच्या बेताला आली.

"ओढा रे, ओढा," दत्ताराम ओरडत होता, पण पहिली जागा कोण सोडवणार?

मासळीसाठी टोपली घेऊन उभ्या असलेल्या कृष्णाबाईनं टोपली खाली ठेवली. लुगडं खोचलं, नवऱ्याला दोन्ही बगलांत धरून वाळूत नेऊन ठेवलं आणि येऊन दोरी धरली. ती अशी काही ओढली की मागच्यांची पळापळ झाली. जाळं आलं तेव्हा त्यात बांगडे आणि तारल्या फडफडत होत्या.

विठोबा जागा झाला तो गंगारामाच्या शेजारी. समोर दत्ताराम म्हणत होता, "वयनी, फुडच्या आयतवारी ही जागा तुमची हां."

विठोबाच्या पायांखालची वाळू सरकली. बायको टोपली घेऊन जवळ येताच त्यानं हळूच तिला पकडलं. "खरां सांग गो. माझ्या बाटलेतल्यो गोळयो तू खातंस मां?"

"मी कित्याक खाव?" कृष्णाबाई म्हणाली. "आठवडोभर तुमी माका कामाक हात लावक देवक नाय. लग्न झाल्यापासून पयल्यांदा रोज दुपारची निजलंय."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि चालता चालता मागे वळून सांगितलं, "पण तुमी गोळी बंद करू नकात हां. माका गुण येता हा."