आजाराचे कारण

सन एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात परतूरच्या कचेरीतल्या रामकिसन कारकुनाच्या डाव्या गालात, आतल्या बाजूनं, पांढरा चट्टा उठला. दोन महिन्यांत त्याची जखम झाली. तिखट सोसेना, तोंड पुरतं उघडेना. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "चुना-तंबाखू आजच सोडा. लक्षण कॅन्सरचं दिसतंय. जल्दी हैदराबाद गाठा."

रामकिसननं रजेचा अर्ज दिला आणि 'आजाराचे कारण' या रकान्यात प्रामाणिकपणे 'तंबाखू' लिहिलं. आयुष्यात एवढी एकच चूक त्यानं सरकारी कागदावर केली.

त्याचे वरिष्ठ, पेशकार मार्तंडराव, यांनी अर्ज वाचला आणि मळलेली चिमूट दाढेखाली सारली.

"तंबाखूवर सरकार कर घेतं, रामकिसन. मंग सरकार लोकांच्या आजारावर कर घेऊन राह्यलं, असं म्हणायचं का तुमचं?"

"न्हाई जी, डाक्टर म्हणले…"

"डॉक्टरांनी राजनिष्ठेची शपथ घेतलेली न्हाई. तुम्ही घेतली."

खरं कारण शोधायला त्रिसदस्यीय समिती बसली. आधी चंची फिरे, मग कामकाज. साहेबांच्या हातची चिमूट नाकारायची कशी, म्हणून रामकिसनही घेई. फक्त उजव्या गालात धरी. पहिल्या बैठकीत संशय मिरचीवर गेला, दुसऱ्या बैठकीत गरम चहावर. तिसऱ्या बैठकीला त्याच्या बायकोची, सगुणाबाईची, साक्ष झाली.

"वीस वर्सं झाली. उठले की तंबाखू, निजले तरी गालात तंबाखूच. वर सुपारी. अन् एक दाढ तुटल्यावानी झाली, ती तिथंच घासती…"

"दाढ!" मार्तंडराव हर्षले. "बराबर! एवढंच लिहून घ्या."

दाढ काढल्याचा दाखला मिळेपर्यंत दसरा उलटला. अखेरच्या सुनावणीत दाढेवर ठपका ठेवणारा अहवाल वाचून दाखवला, तेव्हा रामकिसनला ओरडावंसं वाटलं. पण जबड्यात बोटही शिरत नव्हतं. नोंद झाली : 'अर्जदारास काही म्हणावयाचे नाही.' रजा मंजूर झाली.

हैदराबादच्या सर्जननं अर्धा जबडा काढला. "चार महिने आधी यायचं होतं," तो म्हणाला. संक्रांतीच्या आत रामकिसन गेला. वय एकेचाळीस.

मातीला आलेली मंडळी हळहळली. "नशीब, दुसरं काय! आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत तंबाखू खाल्ली, दात दुखला न्हाई."

तुम्हालाही एव्हाना असे एक आजोबा आठवले असतील. आठवणारच. चाळिशीत गेलेल्यांचे किस्से सांगायला नातवंडं असतात कुठं?