परसातलं अभयारण्य

दाताच्या डॉक्टरांनी निसर्गमंडळात जाहीर करून टाकलं की या रविवारी गावाबाहेरच्या अभयारण्यात उन्हातान्हाचं फिरायची गरज नाही, सगळ्यांनी आपल्या घरी यावं. "तिथे दिवसभरात दिसत नाहीत तेवढे किडे माझ्या परसात चहा उकळेपर्यंत दाखवतो," असं ते म्हणाले. मंडळाच्या प्रमुख बाई निवृत्त मुख्याध्यापिका. कुणाचं काही चटकन मानणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या नुसतं "बघू" म्हणाल्या.

डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतीच हवा नव्हती. पावसाळा लागल्यापासून त्यांनी गवताला हात लावला नव्हता. शेजाऱ्यांनी त्यांना आधी आळशी ठरवलं, मग चिक्कू. पण त्याच गवतात कुणी न पेरलेली जांभळी-पिवळी फुलं वर आली, फुलांमागोमाग मधमाश्या आल्या, भुंगे आले. एकदा हिरवा झळझळीत ढालकिडा दिसला, तेव्हा डॉक्टर आ वासलेल्या रोग्याला तसाच खुर्चीतून उठवून खिडकीपाशी घेऊन गेले होते.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई राहायला आल्या. उद्या जावयाची बाग बघायला पाहुणे येणार, एवढंच लेकीने त्यांना सांगितलं. बाग कसली, ते सांगायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी डॉक्टर मंडळींना आणायला गेले, बायको बिस्किटं आणायला गेली. सासूबाईंनी मागचं दार उघडलं, आणि लेकीच्या संसाराची अब्रू त्यांना गुडघाभर गवतात बुडालेली दिसली. त्यांनी कंबर कसली आणि विळा शोधला.

वाटभर डॉक्टरांनी मंडळींना कुठल्या फुलावर कोण बसतं ते इतकं रंगवून सांगितलं, की एकाने भिंगही खिशातून काढून तयार ठेवलं. परसात पाऊल टाकलं तर समोर नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी जमीन. मधोमध घामाने निथळलेल्या सासूबाई.

"जावईबापू, पाहुणे यायच्या आत उरकलं बाई सगळं," त्या म्हणाल्या.

मंडळाच्या प्रमुख बाईंनी शांतपणे, कापलेलं कुठे टाकलंत असं विचारलं, आणि सगळी मंडळी भिंतीकडेच्या ढिगाभोवती गुडघे टेकून बसली. फुलं अजून टवटवीत होती. मधमाश्याही होत्या, पण घर हलवावं लागलेल्या माणसांसारख्या वैतागलेल्या. डॉक्टरांना वाटलं, गेलेली पत सावरायची हीच वेळ. या माश्या आपल्याला ओळखतात, असं सांगत त्यांनी एका फुलाचा वास घ्यायला तोंड खाली नेलं.

एका माशीने त्यांना ओळखलं नाही.

वरचा ओठ बघता बघता भज्यासारखा फुगला. सासूबाई बर्फ आणायला धावल्या. तेवढ्यात घराच्या पुढच्या बाजूला गेलेल्या बाईंना फाटकाला लागून गवताचा एक पट्टा दिसला. सासूबाईंचा हात तिथवर पोचला नव्हता. त्यात निळी चिमुकली फुलपाखरं कळ्यांवर अंडी घालत होती. ती आपण अभयारण्यातही कधी पाहिली नव्हती, असं बाईंनी सर्वांदेखत कबूल केलं. डॉक्टरांना हसायचं होतं, पण ओठ साथ देईना.

मंडळी गेल्यावर सासूबाई बर्फाची पिशवी घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या. लेकीने त्यांना गवताची सगळी हकिगत सांगितली होती. त्या अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. मला कुणी काही बोललंच नाही, असं हळू आवाजात म्हणत राहिल्या. डॉक्टरांना ते बघवेना.

"अहो आई, छान केलंत," ते फुगल्या ओठातून कसंबसं म्हणाले. "मी ते कापणारच होतो."

सासूबाईंचा चेहरा उजळला. डॉक्टरांनीही एका चांगल्या कामाच्या समाधानात डोळे मिटले.

जाग आली ती विळ्याच्या सपसप आवाजाने. आवाज फाटकाकडून येत होता. डॉक्टर अनवाणी धावले. अर्धा पट्टा साफ झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर निळी फुलपाखरं जीव मुठीत धरून भिरभिरत होती. थांबा म्हणायला गेले, तर तोंडातून नुसता "फां" निघाला. तेव्हा दुसरं काही न सुचून ते उरलेल्या फुलांच्या ऐन मधोमध फतकल मारून बसले.

सासूबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि मायेने म्हणाल्या, "जावईबापू, जरा पाय उचला."