साहेबांचा ठिपका

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि आकडा बघून स्वतःच एक दीर्घ श्वास घेतला. म्हणाले, "रोज थोडा वेळ शांत बसा. हलणाऱ्या पण न बोलणाऱ्या गोष्टीकडे बघत राहा. आणि घरच्यांना सांगा, ह्यांना कसलाही धक्का देऊ नका." आमच्या घरात हलणारा आणि न बोलणारा असा एक पंखाच होता, आणि तोही करकरायचा. म्हणून परतीच्या वाटेवर मी एक मासा घ्यायचं ठरवलं. बास, एवढाच माझा गुन्हा.

मासा नारिंगी, गुबगुबीत आणि गंभीर होता. दिवसभर काचेच्या केबिनमध्ये तोंड उघडं ठेवून फिरायचं आणि काम काही करायचं नाही, ही त्याची पद्धत बघून मी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. (आमच्या मॅनेजरांचा अपमान करण्याचा ह्यात हेतू नव्हता. थोडा होता.)

मी बँकेत सह्या तपासतो. चेकवरची सही आणि बँकेकडची नमुन्याची सही शेजारी-शेजारी ठेवायची आणि ठरवायचं, की हा माणूस तोच आहे की दुसराच कुणी. ह्या कामाने स्वभाव बिघडतो. कुणी माझ्याकडे बघून हसलं तरी मी आधी त्याचं मागच्या वेळचं हसू आठवून बघतो. आता हे काम करणारं यंत्र येणार, अशी कुणकुण होती. मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुमची नजर पूर्वीसारखी राहिली असेल तर ठीक. नाहीतर तुम्हाला खाली रेकॉर्ड रूममध्ये बसवू." आमची रेकॉर्ड रूम तळघरात आहे. तिथे बसवलेला माणूस पुढे कुणाला फारसा दिसत नाही. माझं ब्लडप्रेशर त्या दिवसापासूनचं.

साहेब घरात रुळल्यावर मी त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. डाव्या कल्ल्यामागे छोटा काळा ठिपका, अगदी स्पष्ट. नमुना जवळ असलेला बरा. (लग्नाआधीचा बायकोचा फोटोही मी असाच जपून ठेवलाय. तो आता जुळत नाही, असं लिहिणार होतो. पण ती हे वाचणार आहे.)

आणि मग ती संध्याकाळ आली. मी बँकेतून घरी पोचलो, तर बूट काढायच्या आत हातात चहा. न मागता! शेजारी बशीत बिस्किटं. गुडघा बरा होईपर्यंत म्हणून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई (गुडघ्याला कसलीच घाई नाही) सोफ्यावरून म्हणाल्या, "जावईबापू, हा शर्ट तुम्हाला काय शोभतो हो!" हा शर्ट त्यांनी फरशी पुसायला दोनदा बाजूला काढला होता आणि दोन्ही वेळा मी तो बादलीतून परत आणला होता. पलीकडे आमची कन्या अभ्यास करत होती. शाळेला सुट्टी असताना.

माझे कान टवकारले. चहा हातात घेऊन मी फिशटँकपाशी गेलो. साहेब डावीकडून उजवीकडे चालले होते. मग उजवीकडून डावीकडे आले. मी पुन्हा बघितलं. ठिपका उजव्या कल्ल्यामागे होता.

"हा कोण आहे?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? साहेब!" बायको म्हणाली. जरा जास्तच पटकन.

"साहेबांचा ठिपका डावीकडे होता."

"अहो, मग वळला असेल मासा."

"मासा वळला म्हणून ठिपका ह्या गालावरून त्या गालावर जात नाही!"

"वयात आले की बदलतात हो," सासूबाई म्हणाल्या. "आमचे हे नाही का, आधी डावीकडे भांग पाडायचे, मग उजवीकडे पाडायला लागले."

"आणि मग?"

"मग पाडायला काही उरलंच नाही."

मी मोबाइल काढून फोटो सगळ्यांसमोर धरला. कन्येने तो निरखून बघितला आणि अगदी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही हा सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलाय. त्यात डावं-उजवं उलटं येतं. सोप्पंय."

मी गारच पडलो. मला दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक खरंच कळत नाही. (फोटो काढायला गेलो की निम्म्या वेळा माझंच नाक येतं.) म्हणजे चूक माझ्याच नजरेची? मला तळघराच्या पायऱ्या दिसायला लागल्या. मी चहा संपवला. बायकोने आईकडे बघितलं, आईने नातीकडे, आणि नातीने पुस्तकात. ते पुस्तक उलटं होतं, पण तेव्हा माझा उलट-सुलट ह्या विषयावरचा विश्वासच उडालेला.

सकाळी मात्र दाढी करता करता माझी ट्यूब पेटली. साबणाच्या तोंडाने मी बाहेर धावलो आणि फोटो मोठा करून बघितला. फोटोत टँकच्या मागे माशाच्या खाण्याचा डबा होता आणि त्यावरची अक्षरं सरळ होती! कॅमेरा उलटं दाखवत असता तर अक्षरंही उलटी आली असती. म्हणजे फोटो खरा, मी खरा, माझी नजर खरी. खोटा होता तो समोरचा मासा. तो माझ्याकडे बघून तोंड उघडत होता, मिटत होता. पण कबुली देत नव्हता.

आता संशयाला तोटा नव्हता. साहेब गेले कुठे? सासूबाईंनी टँक पुसताना सांडले? की शेजारच्यांच्या बोक्याशी ह्या तिघींचा काही समझोता झाला होता? तो बोका हल्ली मला जिन्यात वाट करून द्यायचा, तेही मला आठवलं. संध्याकाळी मी थेट माशांच्या दुकानात शिरलो आणि साळसूदपणे म्हणालो, "आमच्या घरून कुणी मासा न्यायला आलं होतं का हो?"

दुकानदार जाळी धूत होता. "ताई ना? येऊन गेल्या की. मेलेल्या माशाचा फोटो काढून आणला होता. म्हणाल्या, अगदी असाच पाहिजे. मी म्हटलं, ठिपकेवाला एकच आहे, पण ठिपका दुसऱ्या बाजूला आहे. तर म्हणाल्या, द्या तोच, आमच्या ह्यांना काही कळायचं नाही."

काही कळायचं नाही! मी सह्या तपासणारा माणूस! तिथून घरापर्यंत मी जवळजवळ धावतच गेलो. मनात रागही होता आणि आनंदही, आणि खरं सांगायचं तर आनंद जास्त होता.

"दुकानदाराने सगळं सांगितलंय," दारातूनच मी गरजलो. "साहेब गेले. आणि तुम्ही तिघींनी त्यांच्या जागी हा तोतया आणून बसवला!"

बायको मटकन खाली बसली. "अहो, डॉक्टर म्हणाले होते ना, धक्का नको. सकाळी बघितलं तर तो वर तरंगत होता. तुम्ही रोज त्याच्यापाशी किती वेळ बसता... मला वाटलं, हे ऐकून तुम्हाला काही झालं तर?" तिचे डोळे भरून आले होते.

एरवी मी तिथेच विरघळलो असतो. विरघळलोच होतो खरं तर. आपल्यासाठी कुणी ठिपका जुळवत दुकानात फिरतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण हाती लागलेला विजय सोडवेना. मी खुर्ची ओढली आणि भाषण सुरू केलं.

"अगं, पण तू कुणाला फसवत होतीस? पहिल्या दिवसापासून मी साहेबांना ओळखत होतो. त्यांची चाल, त्यांचं वळणं, तो ठिपका! ज्या दिवशी त्यांना घरी आणलं, त्याच दिवसापासून ते माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघायचे. अशी ओळख असली की माणूस फसत नाही. उद्या मॅनेजरांना हेच सांगतो. म्हणावं, आणा तुमचं यंत्र!"

सासूबाई गुडघा चोळायला लागल्या. चुकीचा गुडघा.

"आता काय?" मी विचारलं.

"सांग ना आजी," कन्या म्हणाली.

"तूच सांग."

"बाबा," कन्या म्हणाली, "तुम्ही आणलेल्या माशाला ठिपकाच नव्हता. तो दुसऱ्याच सकाळी गेला. तुम्ही अंघोळीला गेला होतात. आजीने रिक्षाने जाऊन ठिपकेवाला आणला, आणि तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, 'बघा, साहेब कसे माझ्याकडे ओळखीने बघतायत!'"

"म्हणजे तो फोटो..."

"दुसऱ्याचा," सासूबाई म्हणाल्या. "पण जावईबापू, फोटो छान आलाय हो."

मॅनेजरांना मी काही सांगितलं नाही. टँकसमोर मात्र तिघींना उभं करून, सरळ कॅमेऱ्याने, नव्या साहेबांचा नवा नमुना काढला. ठिपका उजवीकडे, शेपटीला बारीकशी चीर. आता रोज बँकेतून आलो की आधी फोटो, मग मासा, मग पुन्हा फोटो. एकदा जुळला की मन कसं शांत होतं. डॉक्टरही खूश आहेत. आकडा खाली आलाय.

आजही तसंच केलं. ठिपका उजवीकडे. चीर जागेवर. चाल तीच. "पास!" मी मोठ्याने म्हणालो. खरं सांगतो, स्वतःचा फार अभिमान वाटला. नजर शाबूत होती. आता यंत्र आलं तरी बेहत्तर.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. मी मागितला नव्हता. बशीत बिस्किटं होती. "जावईबापू," सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "हा शर्ट तुम्हाला काय शोभतो हो!"

मी टँककडे पाठ केली आणि चहा प्यायला लागलो.