आठ पिनांचं शेत

वायर घरीच करायची, असं शिक्केवाल्यांनी ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. तसं पाहिलं तर त्यात ठरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक वायर, तिच्या एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला चार्जर. माणसाला दोन हात असतात, चष्मा असतो आणि रविवार असतो. (या रविवारचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना अलीकडे शनिवारी सकाळपासूनच छळायला लागायचा.)

शिक्केवाले म्हणजे रबरी शिक्के करून देणारे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. डोकं वाकवून आत शिरायचं आणि दिवसभर तसंच वाकलेलं ठेवायचं. डॉक्टर, वकील, शाळा, पतपेढ्या, सगळ्यांची नावं त्यांच्या हातून उलटी कोरली जात आणि कागदावर सुलटी उमटत. उलटं वाचण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की रस्त्यावरच्या पाट्या वाचताना क्षणभर अडखळायला व्हायचं.

त्यांची बायको थंडीच्या दिवसांत गेली. घरात उरले ते आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई लेकीच्या आजारपणात मदतीला आल्या होत्या. मदत संपली, त्या राहिल्या. ‘आता तुम्ही जा’ असं म्हणायचं शिक्केवाल्यांना सुचलं नाही आणि ‘आता मी निघते’ असं म्हणायचं सासूबाईंना. दोघंही एकमेकांशी अतिशय सौजन्याने वागत. वर्तमानपत्र आधी तुम्ही वाचा, नाही आधी तुम्ही, असं करता करता ते बरेचदा कोणीच वाचत नसे. दोघांनाही ओळखणारी व्यक्ती मध्येच उठून गेल्यावर बैठकीत जी दोन माणसं उरतात, तशी ती दोघं उरली होती.

अशात कपाट आवरताना सासूबाईंना स्वेटरच्या घडीत लेकीचा एक गेम सापडला. दोन्ही हातांत धरून खेळायचा, वहीएवढा, कडेला बटणं असलेला. इस्पितळात वेळ जात नाही म्हणून बायकोने तो कोणाकडून तरी जुना विकत घेतला होता. त्यात एक शेत होतं. जन्मात तिने कुंडीसुद्धा जगवली नव्हती, पण त्या शेतात ती पेरायची, पाणी घालायची, कुंपण दुरुस्त करायची. सलाइन लावलेल्या हाताने जमेना, तर दुसऱ्या हाताने. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून सूचना द्यायच्या. टोमॅटो सुकलेत बघ. आज विहिरीकडे गेलीच नाहीस.

आता त्या गेमच्या कोपऱ्यात लाल दिवा मंद लुकलुकत होता.

चार्जर नव्हता. तो कुठे असेल हे दोघांनाही माहीत होतं. शेवटच्या दिवशी खोली रिकामी करताना पेला, चपला, शाल, सगळं आठवणीने उचललं, पण पलंगामागच्या सॉकेटमध्ये लावलेला चार्जर तसाच राहिला. तो आणायला त्या मजल्यावर पुन्हा कोण जाणार, हा विषय दोघांपैकी कोणी काढला नव्हता.

शिक्केवाले गेम घेऊन नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. सासूबाईही निघाल्या. मोबाइलवाल्याने गेमचं तोंड, म्हणजे जिथे चार्जर लागतो ते पोर्ट, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. हे पोर्ट कोणाशीच जुळत नाही, म्हणाला. कंपनीचं स्वतःचं होतं, आठ पिनांचं, आणि कंपनी कधीच बुडाली. त्यातून या जातीच्या गेममध्ये खेळलेलं सगळं बॅटरीच्या जोरावरच लक्षात राहतं. बॅटरी पार उतरली, की आतलं पुसलं जातं.

“सगळं?” सासूबाईंनी विचारलं.

“कोरी पाटी, आजी. पण सोडून जा माझ्याकडे. जुन्या मालात तशी पिन असेल, वायर जोडून देतो. दहाएक दिवस लागतील.”

सासूबाईंनी त्याच्या काउंटरवर नजर फिरवली. मेलेल्या फोनांचा ढीग होता, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नंबर. त्यांनी गेम उचलून छातीशी धरला.

“सोडून नाही जायचं,” त्या म्हणाल्या. “एकदा सोडून आलो, तेवढं पुरे.”

मोबाइलवाल्याला हे काही कळलं नाही, पण माणूस चांगला. त्याने खोक्यातून जुळणारी सुटी पिन शोधून दिली आणि कुठली वायर कुठे जोडायची याचं चित्र कागदावर छापून दिलं. आठ पिना एका ओळीत. एका टोकाच्या पिनेतून वीज आत जाते, दुसऱ्या टोकाच्या पिनेतून परत येते, मधल्या सहांना हात लावायचा नाही. दोनच वायरी. शेंबडं पोर करील, असं शिक्केवाल्यांना वाटलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडामांड केली. शेजाऱ्यांकडून डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणलं होतं आणि एका जुन्या फोनच्या चार्जरचं तोंड कापून त्याच्या दोन वायरी मोकळ्या केल्या होत्या. पिन हातात मावेना, म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यात पकडली आणि तो चिमटा सासूबाईंनी दोन्ही हातांनी धरला. त्यांचे हात थरथरत होते. शिक्केवाल्यांचेही. सुदैवाने दोघांचे हात एकाच लयीत थरथरत असल्यामुळे काम होऊ शकलं.

पहिला डाख टेबलावर पडला. दुसरा शिक्केवाल्यांच्या विजारीवर. तिसरा मात्र दाण्यासारखा सुबक बसला आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “चित्रात लाल वायर डावीकडे आहे. तुम्ही उजवीकडे लावलीत.”

शिक्केवाले हसले. (या हसण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.) मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की कागदावर जे डावीकडे दिसतं ते वस्तूवर उजवीकडे असतं. त्यांचा सगळा धंदाच यावर चालतो. आजवर एवढ्या लोकांची नावं त्यांनी उलटी केली, एकाची तक्रार नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. आपल्याला पटलेलं नाही हे त्या कधी बोलून दाखवत नसत, फक्त ओठ जरा जास्त वेळ मिटलेले ठेवत. तेवढे त्यांनी ठेवले.

शिक्केवाल्यांनी चष्म्यावर भिंग धरून काम पुन्हा तपासलं. डाख स्वच्छ, वायरी सरळ, चिकटपट्टी गुंडाळलेली. चूक इतकी नीटनेटकी केली होती की ती चूक आहे असं कोणी म्हणालं नसतं.

मग त्यांनी पिन गेमच्या तोंडात बसवली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

लाल दिवा एकदम उजळला, पिवळा झाला आणि गेला. टेबलावरून सुईच्या दोऱ्याइतका बारीक धूर निघाला आणि वर जाता जाता विरला. त्याच्या मागोमाग पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला आणि भर दुपारी त्या घरात अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरच्या बाई रेडिओशी काय बोलतात तेही ऐकू आलं.

सासूबाई अजून रिकामा चिमटा धरून बसल्या होत्या.

“लागलं का?” त्यांनी विचारलं.

 शिक्केवाले उठून फ्यूज पाहायला गेले आणि बराच वेळ परतलेच नाहीत. परत आले तेव्हा सासूबाईंनी गेम पुसून, रुमालात गुंडाळून उशाशी ठेवला होता आणि चहा केला होता. त्या एक शब्दही लागेलसा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट साखर पुरेशी आहे ना, असं विचारलं, आणि साखर घातलेलीच नव्हती. शिक्केवाले तो चहा पुरेसा गोड आहे म्हणून प्यायले. आपण तिला दुसऱ्यांदा घालवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. 

सोमवारी दुकानात त्यांचं लक्ष लागेना. हात आपले सवयीने चालत होते. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सकाळी नेलेला शिक्का त्यांनी टेबलावर ठेवला आणि शेजारी शिक्का मारलेला कागद.

“शिक्केवाले, माझं नाव वाचायला पेशंटला आरशासमोर उभं राहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “दातही दिसतील म्हणा, तेवढीच माझी सोय.”

शिक्केवाल्यांनी कागद पाहिला. नाव उलटं उमटलं होतं. म्हणजे त्यांनी ते सुलटं कोरलं होतं. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा दुकानात उलटं करायचं राहून गेलं होतं, आणि घरी, जिथे करायचं नव्हतं, तिथे मात्र त्यांनी ते चोख केलं होतं. मोबाइलवाल्याचं चित्र पिनेच्या मागच्या बाजूचं होतं, जिथे डाख द्यायचा तिकडचं. जसं दिसतं तसं जोडायचं, एवढंच होतं. म्हातारीने पाहिलं तसं.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना उद्या नवा शिक्का कबूल केला, शटर अर्धवट ओढलं आणि घर गाठलं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

“आई, तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर होतं.”

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालायला उठल्या.

मोबाइलवाल्याने गेम उघडला तो सासूबाईंच्या मांडीवर. त्या हातातून सोडीनात, तेव्हा त्यालाच स्टूल घेऊन काउंटरच्या बाहेर यावं लागलं. वायर उलटी जोडणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली होती, पण मागे लक्ष ठेवायला माणूस असताना उलटी जोडणारे पहिलेच, असं तो म्हणाला. पोर्टच्या आत तांदळाच्या कणीएवढा फ्यूज होता, तो जळला होता. तो बदलला. बाकीचं वाचलं असावं. आतलं शेत राहिलं की नाही, ते बॅटरीत धुगधुगी शिल्लक आहे का यावर. सांगता येत नाही. वायर मात्र या वेळी नीट जोडा.

घरी आल्या आल्या, हातपाय न धुता, दोघं पुन्हा टेबलाशी बसली. या वेळी चित्र सासूबाईंनी धरलं. चिमटा शिक्केवाल्यांनी दातांत धरला, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगणं शक्य नव्हतं. डावीकडे, सासूबाई म्हणायच्या. ते डावीकडे जोडायचे.

पिन लावली. बटण दाबायला दोघांपैकी कोणीच पुढे होईना. शेवटी सासूबाईंनी दाबलं.

लाल दिवा लागला आणि लागून राहिला. दोघं त्याच्याकडे बघत बसली. भाजी अर्धवट निवडलेली तशीच होती. खिडकीबाहेर खेळून परतणाऱ्या पोरांचा कलकलाट आला आणि गेला. मग पडदा उजळला, काळा झाला, पुन्हा उजळला.

शेत होतं.

गवत माजलं होतं. टोमॅटोंच्या जागी नुसत्या काटक्या उभ्या होत्या. पण विहीर होती, कुंपण होतं, आणि झोपडीच्या दाराशी तिने ठेवलेली पाण्याची झारी अजून तिथेच होती. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शिक्केवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

मग एक कोंबडी ऐटीत चालत पुढे आली. तिच्या डोक्यावर इंग्रजीत नाव तरंगत होतं.

“ही तुम्ही,” शिक्केवाले म्हणाले. “‘आई’ लिहिलंय.”

“मी? कोंबडी?” सासूबाई खाली वाकल्या. कोंबडीच्या मागे अंड्यांचा ढीग होता. तो पाहून त्यांचं समाधान झालेलं दिसलं. “कामाची आहे हो. आणि ते कोपऱ्यातलं गाढव?”

गाढव सगळ्या शेताकडे पाठ करून, कुंपणाकडे तोंड लावून उभं होतं. त्याच्याही डोक्यावर नाव होतं. ए, एच, ओ. बायकोने लग्नाच्या दिवसापासून शिक्केवाल्यांना ज्या एकाच शब्दाने हाक मारली, तो शब्द. खाली सूचना येत होती: याला बऱ्याच दिवसांत कोणी काही काम सांगितलेलं नाही.

“त्याला काही नाव ठेवलेलं नाही,” शिक्केवाले म्हणाले.

सासूबाईंनी गेम त्यांच्या हातून काढून घेतला, लांब धरला, जवळ आणला. ओठ हलवत एकेक अक्षर लावलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

“तीन अक्षरं इंग्रजी मला येतं, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडेही होतं एक ‘अहो’. पण त्याला वायर तरी जोडता यायची.”