हैदराबादच्या आधी कादंबरी

लातूरला जिल्ह्याची पाटी लागली, पण नळाला पाणी काही आलं नाही. तशा त्या दुष्काळातही कापडदुकानदार गुरुपादप्पांना चिंता होती ती कादंबऱ्यांची. "न वाचता शहर बघणं म्हंजे नुसतं भटकणं हाय!" असं ते गल्लीभर सांगत. हैदराबादला जायचं, तर आधी तिथली कादंबरी वाचायची. ती निवडण्यात दसरा गेला, दिवाळी गेली. एकीत नवाब फार, दुसरीत गोवळकोंडा कमी. त्यांच्या पत्नी शिवकांताबाई लग्नापासून चारमिनार बघायचा म्हणत होत्या, पण त्यांची ट्रंक भरून तशीच पडली होती.

अखेर एक जाडजूड कादंबरी पसंत पडली. दुपारच्या एसटीची दोन तिकिटंही आली. आणि त्याच सकाळी कादंबरी गायब!

"माझी कादंबरी कुठं हाय?"

"टँकरच्या रांगेत," शिवकांताबाई म्हणाल्या. "नंबराला ठिवलेली बादली वाऱ्यानं गडगडायली होती. दगड घावला न्हाई, म्हणून आत ठिवली."

गुरुपादप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. "नवाबाला बादलीत घातलंस?" असं ओरडत ते तरातरा चौकात गेले आणि बादलीतून कादंबरी उचलली. बादली लगेच गडगडत पार पानपट्टीपर्यंत गेली.

रांगेवर नजर ठेवून बसलेल्या धुरपताबाई कडाडल्या, "भांडं हाललं की नंबर गेला! आता मागं जा, अन् सोता उभं ऱ्हावा."

"मी कोण हाय, ठावं हाय का?"

"हाव. रांगेत शेवटचे तुमी."

भर उन्हात, मनातल्या मनात सगळ्या गल्लीचा उद्धार करत गुरुपादप्पा वाचत उभे राहिले. दुपार झाली तरी टँकर येईना. तेवढ्यात टांगा थांबला. आत ट्रंक, शिवकांताबाई आणि शेजारच्या बिलकीसभाबी.

"अगं, एसटीची वेळ झाली की!"

"सासूबाई घरी हाईत, अन् घरात थेंब न्हाई. रांग सोडून येता का?"

"मग पुढल्या महिन्यात जाऊ. तसाबी शेवट वाचायचा राहिलाय."

शिवकांताबाईंचा इतक्या वर्षांचा संताप एकदम वर आला. "तुमचा शेवट कधीच यायचा न्हाई! तुमचं तिकीट भाबीला दिलं. त्यांचं माहेरच हाय तिथं."

"हाव भैया, तुमी आरामात वाचा," बिलकीसभाबी म्हणाल्या.

"अगं, पण काही न वाचताच जातीस?"

"जाते. बघून आले की सांगते, तुमच्या पुस्तकात बरोबर लिव्हलंय का न्हाई ते!"

टांगा हलला. गुरुपादप्पांनी रागारागानं पान उलटलं. नवाबसाहेब नुकतेच चारमिनारपाशी पोचले होते.