डावा हात डॉक्टरांचा, उजवा सासूबाईंचा

"पुरावा! मला पुरावा पाहिजे!" असं गरजून मास्टरने टेबलावर दोन्ही हात आपटले आणि "आई गं!" करत लगेच उचलले. एक्झिमाने हात लालबुंद झाले होते, बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि खाज तर पाठ सोडत नव्हती.

मास्टर म्हणजे सलूनमधल्या पहिल्या खुर्चीचा कारागीर. दिवसभर डोकी धुऊन धुऊन हातांची ही दशा झाली होती. परवा एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवरच उठलं. "हे लागतं का हो दुसऱ्याला?"

"अजिबात नाही!" मास्टर ओरडला. पण हातात वस्तरा घेऊन ओरडणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? गिऱ्हाईक फेसासकट पसार!

मालक थंडपणे म्हणाले, "महिनाअखेरीला हात बघतो. बरे नसले, तर खुर्ची दुसऱ्याला." तेव्हापासून मास्टरची झोप उडाली होती.

डॉक्टरांनी लाल चट्ट्यांवर लावायला स्टेरॉइडचं मलम दिलं, हात धुतले की दर वेळी साधं तेलकट मलम सांगितलं आणि डोकी धुताना हातमोजे.

"स्टेरॉइड?" सासूबाईंनी डोळे वटारले. "जावईबापू, कातडी राहील का अंगावर? माझा पाल्याचा लेप लावा!"

लेप हिरवागार, आणि वास असा की खिडकीतलं मांजर परत आलंच नाही. पण सासूबाईंना नाही म्हणायची मास्टरची छाती नव्हती. म्हणून तो पुरावा मागत गरजला आणि त्याने चाचणी जाहीर केली. डावा हात डॉक्टरांचा, उजवा सासूबाईंचा. जो हात बरा होईल त्याचं औषध खरं!

आठवडा उलटला आणि दोन्ही हातांची आग आग व्हायला लागली.

"मलमाचे प्रताप!" सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पण उजव्याला मलम कुठे आहे?" मास्टर रडकुंडीला आला. खुर्ची डोळ्यांसमोरून सरकायला लागली.

शेवटी बायको म्हणाली, "लावता कसं ते दाखवा बघू." मास्टरने डाव्या हातावर मलम घेतलं, उजव्यावर लेप घेतला, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्याला तेल लावण्याआधी चोळायचा तसे दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळले!

"अहो! रोज असंच लावता?"

मास्टरचे हात जागच्या जागी थांबले. जन्मभराची सवय! लेपाने दोन्ही हात पोळून काढले होते.

त्या दिवसापासून लेप गुपचूप मोरीत जायला लागला. मलम आता दोन्ही हातांना लागायला लागलं, हातमोजे चालू राहिले. हळूहळू लाली उतरली, भेगा भरल्या. तरी महिनाअखेरीला सलूनची पायरी चढताना मास्टर सारखा मागे वळून बघत होता, कारण आपल्या लेपाचा विजय बघायला सासूबाई बायकोला घेऊन सोबत निघाल्या होत्या. हातात बरणी!

मालकांनी चष्मा चढवला. तळवे पाहिले, उलटे करून पाहिले, एकेक बोट पाहिलं.

"छान! खुर्ची तुझीच. कशाने बरे झाले रे?"

सासूबाई खाकरल्या. मास्टरचं अवसान गळालं. "सा... सासूबाईंच्या लेपाने."

"अरे वा!" मालकांनी कॉलर खाली ओढली. मान लालभडक होती. "मग लावा की मलाही!"

सासूबाईंनी बरणीचं झाकण उघडलं. चार बोटं लेपात बुडाली. बोटं मानेकडे निघाली. मालकांची मान पोळली की खुर्ची गेलीच!

"थांबा!" मास्टर किंचाळला. "लेप मी केव्हाच बंद केला! हात मलमाने बरे झालेत!" आणि चोळाचोळीची सगळी हकीकत त्याने एका दमात ओकून टाकली.

मालक पोट धरून हसले. "खुर्ची राहू दे तुझ्याकडेच. मला त्या डॉक्टरांचा पत्ता दे."

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे जावईबापू, माझ्या लेपाची चाचणी नीट झालीच नाही?"

"तशी नाही, पण..."

"मग आता होऊ दे. उजवा हात इकडे आणा. आणि डावा पाठीमागे धरा!"